बाहेरची भिंत

स्वयंपाकघरात ओट्यामागच्या भिंतीवर टाइल्स लावून झाल्या, तसा गुरप्पा मिस्त्री थापीच्या दांड्याने एकेक टाइल ठोकून पाहू लागला, कुठे पोकळ राहिली नाही ना म्हणून. एका टाइलवर त्याने तीन ठोके दिले. आतून तीन ठोके परत आले.

"ताई, पलीकडे कोण राहतं?"

"कुणी नाही," वृंदा म्हणाली. "ती बाहेरची भिंत आहे. आपण चौथ्या मजल्यावर आहोत."

मिस्त्रीने खिडकीतून वाकून पाहिलं. परांची नव्हती, माणूस नव्हता. त्याने ती टाइल फोडली. मागे भक्कम वीट निघाली. नवी टाइल बसवून तो गेला, तो हत्यारं न्यायलाही परतला नाही.

अख्खं घर नवं करण्यात सहा महिने गेले होते. वृंदाने वास्तुशांतीचा मुहूर्त काढून घेतला.

वास्तुशांतीच्या सकाळी नव्या शेगडीवर दूध उतू गेलं. दहा वर्षांपासून ठार बहिऱ्या असलेल्या सासूबाई शेजारी बसल्या होत्या. एकाएकी त्या भिंतीकडे वळल्या.

"अगं, दार तरी उघड. केव्हाची ठोकतेय बिचारी!"

वृंदाने गॅस बंद केला आणि सासूबाईंना हाताला धरून बाहेर आणलं. त्या घरात आजही स्वयंपाक हॉलमध्येच होतो.