दोन मिनिटांचा भाव

“दोन मिनिटांच्या बदल्यात अर्धा तास,” सुपरवायझर पुन्हा म्हणाला. “आज मशिनं बंद करू नका, आणि अर्धा तास आधी घरी जा. पुढची पाळी लवकर बोलावलीय.”

शिलाईच्या लांबलचक हॉलमध्ये कुजबुज पसरली. उष्ट्या हातानं कावळा न हाकणारा हा माणूस आज एवढा उदार कसा? साहेबांच्या घरी पाळणा हलला की काय, असं एकीनं विचारलं. बायका हसल्या. तो हसला नाही. सारखा घड्याळाकडे बघत राहिला.

तिथली सगळी मशिनं एकदम थांबत ती वर्षातून एकदाच. एरवी पाळीमागून पाळी, जेवणंसुद्धा आळीपाळीनं. खडखडाट रात्रंदिवस चालू. कामाचे तास कमी व्हावेत म्हणून याच कारखान्यात कधीकाळी संप झाला होता, गोळीबारात माणसं मेली होती. त्यांच्यासाठी दरवर्षी या दुपारी मशिनं बंद करून दोन मिनिटं उभं राहायचं, असा शिरस्ता होता.

बाळंतीण मात्र मनोमन खूश झाली. बाळंतपणाच्या रजेवरून परतल्यापासून हॉलमध्ये तिला दुसरं नावच उरलं नव्हतं. बाळ तान्हं, सासूबाईंनी दिलेली बाटली थुंकून टाकणारं. दुपार कलली की तिचा पान्हा दाटून येई, पदर ओला होई. मेलेले काय, उद्याही मेलेलेच असणार. बाळाला भूक आज लागली होती.

वेळ झाली तशी काजं-बटणं करणारी मावशी उठली आणि तिनं आपलं मशीन बंद केलं. मग शेजारचं थांबलं. रांगेमागून रांग निमाली. एकटी बाळंतीण मान खाली घालून शिवत राहिली.

सुपरवायझर तिच्यापाशी वाकला. त्याच्या कपाळावर घाम होता. तू चालव, तुझं बघून बाकीच्याही चालवतील, तुला मग लगेच सोडतो, असं तो गयावया करत म्हणाला. तिला नवल वाटलं. या माणसानं कधी कुणाची आर्जवं केली नव्हती.

मावशी जवळ आली. तिच्या आवाजात राग नव्हता.

“माझी आई तान्ही होती गं तेव्हा. आजी चौदा तासांनी घरी यायची, तोवर ती रडून रडून झोपलेली असायची. म्हणून थांबवली आजीनं मशिनं.”

बाळंतिणीनं पायडलवरचा पाय उचलला.

शांतता झाली. आणि त्या शांततेत आवाज आला. मधल्या खांबाच्या आत, ताज्या गिलाव्यामागे, कुणीतरी दात खात असावं तसा. थांबला. पुन्हा आला. छतातून वाळूची बारीक धार तिच्या पुढ्यातल्या पांढऱ्या कापडावर सांडू लागली.

सगळ्यांच्या माना वर गेल्या. बाळंतीण उठून दाराकडे धावली. तिथे सुपरवायझर आडवा उभा होता. त्यानं वर पाहिलंच नव्हतं.

“मशिनं सुरू करा,” तो खालच्या आवाजात म्हणाला. “सुरू असली की ऐकू येत नाही.”