उंदराचं लग्न

"जे बोलू नये, तेच बोलाले लावते हा साहेब," लटारू बायकोच्या कानाशी पुटपुटला. रोज दिवसभर धानाच्या बांधीतले पोपट हाकलून त्याचा घसा पार बसला होता.

भागीरथाने मांडीवरची टोपली सावरली. तीत पायलीभर धान होता. घरची साठवणीची ढोली खरवडून आणलेला, शेवटचा.

चिंचेखाली अख्खं गाव जमलं होतं. अहेरीहून आलेले साहेब सकाळपासून एकच सांगत होते. घरटी पायली द्या, तेवढाच धान सरकार घालेल, गावाची कोठी भरेल. ज्याचं पीक बुडेल त्याला त्यातून मिळेल. साहेब 'बुडेल' म्हणाले की बाया कानावर पदर घेत. कोठी कशासाठी हवी, एवढं मात्र गावातल्या एकाने तरी आपल्या तोंडाने सांगायचं होतं.

तिथंच गाडं अडलं. धान बांधीत उभा असताना बुडायची गोष्ट काढायची नाही, ही गावाची रीत. काढली की धान ऐकतो म्हणे.

"ते झालं तं कामी येईन," देवाजी म्हणाला.

"ते म्हणजे काय?"

"ते म्हंजे... तेच."

साहेबांनी कपाळाला हात लावला. म्हातारा जंगू मदतीला धावला. "उंदराचं लग्न निघालं तं लागते ना, साहेब."

"कुणाचं?"

"उंदराचं."

बुडायचं नाव न घेता सांगायची वाट सापडली, तसं गावाला हायसं वाटलं. मग जो तो तेच सांगू लागला. रंभाने तर नवरी आलापल्लीची असल्याचंही सांगून टाकलं.

साहेब उठले. "उंदराच्या लग्नाला सरकार धान देत नाही," म्हणाले आणि त्यांनी गाडीवानाला बैल जुंपायला सांगितलं.

सगळे एकमेकांकडे पाहू लागले. लटारूकडे तेवढं कुणी पाहिलं नाही. हल्ली पाहतच नसत.

"जाऊ दे त्याले," लटारू घोगऱ्या आवाजात म्हणाला. "आपला धान मस्त हाये."

भागीरथा टोपली घेऊन उठली आणि थेट बैलांपुढे जाऊन उभी राहिली.

"लग्न होऊन गेलं, साहेब. आमच्याच बांधीत. रानडुकरं वऱ्हाडी आले होते, एक लोंबी नाई ठेवली." तिने टोपली गाडीच्या धुरेवर टेकवली. "आमचा धान कवाचाच बुडाला. हे रोज रिकाम्या बांधीतले पोपट हाकलून राह्यले."