गाठ नसलेला धागा

"आजोबा, मीच चुकले. सकाळी धागा तुटला. मी तो जोडला आणि फणीच्या भलत्याच घरात ओढला."

अक्षता एका दमात बोलून मोकळी झाली. तिच्या हातमागावरच्या पंच्यात मधोमध एक विरळ रेघ उमटली होती, भांग पाडल्यासारखी.

"वाट लागली गं तुझ्या पंच्याची!" शेजारच्या मागावरून सपना खिदळली.

शिवदासआजोबा वाकून बघू लागले. उभे धागे ओळीत धरणाऱ्या दातेरी फणीच्या एका घरात दोन धागे होते आणि शेजारचं घर रिकामं. चूक साधीच, पण ती कोणाच्या हातची? कांजूरमार्गच्या सोसायटीतल्या या खोलीत प्रत्येक मुलाच्या मागावर उभे धागे तेच भरून देत. विणकामाचा वर्ग सुरू झाला त्या दिवशी त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं, "ज्या दिवशी माझ्या हातून धागा चुकेल, त्या दिवशी डोळे संपले समजायचं. खोलीची किल्ली सोसायटीला परत."

"तू जोडलास होय? मग ठीक," ते म्हणाले. त्यांचा जीव भांड्यात पडला. लगेच त्यांना आपली जुनी कापडगिरणीही आठवली. "अगं, मी तर याच्या उलट केलं होतं. आमचे धाकूमामा फणी भरायचे आणि मी त्यांच्या हाताखाली माग चालवायचो. मामांची नजर अधू झाली होती. एकदा कापडात अशीच रेघ आली. आता मामांना घरी बसवतील, या भीतीने मी पुढे होऊन म्हटलं, धागा माझ्याकडून तुटला, मीच चुकीचा ओढला."

"मग? मामांनी तुमचं खोटं पकडलं ना?" सपनाने विचारलं.

"छे! मामांना शेवटपर्यंत पत्ता लागला नाही. उलट मला म्हणाले, 'फाल्यापासून माझ्यासमोर बस. धागे तू दी, मी ओढतंय.' निवृत्त होईपर्यंत मामांचा एकही धागा चुकला नाही."

पोरी हसल्या. आजोबाही हसले. बोलता बोलता त्यांचं बोट सवयीने धाग्यावरून फिरत होतं. तुटून जोडलेल्या धाग्याला गाठ असते, ती शोधत होतं. फणीच्या मागे गाठ नव्हती. पुढेही नव्हती. त्यांनी गुंडाळलेला पंचा उलगडला. रेघ अगदी पहिल्या ओळीपासून होती.

धागा तुटलाच नव्हता.

आजोबांनी अक्षताकडे पाहिलं. ती मान खाली घालून आडवा धागा नेणाऱ्या धोट्याशी चाळा करत होती. भिंतीवरच्या खिळ्याला खोलीची किल्ली लटकत होती.

"पंचा कापून काढू," ते म्हणाले. "फणी पुन्हा भरू. उद्यापासून तू माझ्यासमोर बस. धागे तू दे, मी ओढतो."

म्हणून झालं आणि त्यांना आठवलं, तेव्हा धाकूमामाही हेच म्हणाले होते, पण धाग्यावरून दोनदा बोट फिरवून झाल्यावर.