उरलेले नारळ

वेळणेश्वराच्या देवळात शिवरात्रीचं कीर्तन रंगून संपलं आणि हौसानं नवस फेडायला धोंडूला तराजूच्या पारड्यात बसवलं. लेकराच्या वजनाइतके नारळ देवाला बोलली होती माउली. गेल्या शिवरात्रीला खोतांचा, धोंडूच्याच वयाचा मुलगा तोलला, तेव्हा किती नारळ लागले ते तिनं पाहून ठेवलं होतं. मंदीत नवऱ्याची मुंबईची गिरणी बंद पडली, तरी परसातल्या माडाचा प्रत्येक नारळ तिनं बाजूला ठेवला. धोंडूला खोबऱ्याचा तुकडाही दिला नाही. पण कितीतरी नारळ खालीच असताना धोंडूचं पारडं वर गेलं. “गुरवानू, काटा चुकतो काय?” ती गोंधळून म्हणाली. “खोतांचा मुलगा ह्याच काट्यावर तोलला, हौसे. देव पावला, नारळ वाचले तुझे!” हौसानं हात जोडले. देवाचं फिटलं, मग ही उरलेली रास कुणाची? पारड्यातून धोंडूनं हळूच विचारलं, “आये, आता खाऊ?”