फिल्टरला लावलेलं तेल

रेसमधल्या अपघातात पोरगा गेल्यापासून सात महिने विलासने त्याच्या रेसच्या बाइकला हात लावला नव्हता. आज विकायची म्हणून खोलली, एअर फिल्टर बाहेर काढला. फिल्टरचा स्पंज सांध्यावर फाटला होता. त्याचाच तुकडा आत कार्बोरेटरमध्ये अडकून बसला होता. म्हणूनच त्या वळणावर पोराने अ‍ॅक्सिलरेटर सोडूनही गाडीचा वेग उतरला नव्हता.

दर रेसआधी हा स्पंज विलास स्वतः धुवायचा. साबणाच्या पाण्यात बुडवून नुसता तळहातांमध्ये दाबायचा, वाळवायचा आणि मग तेल चोळायचा. पण त्या आठवड्यात तो तापाने फणफणला होता, म्हणून ते काम मंदाने केलं. स्पंज पिळू नकोस, पिळला की सांध्यावर फाटतो, एवढं बायकोला सांगायचं त्याच्याकडूनच राहून गेलं होतं.

"अहो, काही सापडलं का?" मंदा दारात येऊन उभी राहिली. "तेल मी नीट लावलं होतं ना हो?"

त्याने फिल्टर झटकन शर्टाच्या आत सारला. "एकदम नीट. माझ्याहून छान. चेन तुटली होती गं, दुसरं काही नाही."

सात महिन्यांत पहिल्यांदाच तिचे खांदे सैल पडले. मग तिला त्याच्या छातीवर पसरत चाललेला डाग दिसला. "काय हे! काढा तो शर्ट, धुऊन टाकते."

विलासने आधी तिची नजर चुकवून फिल्टर बंबाच्या जाळात टाकला, मगच शर्ट तिच्या हाती दिला. मोरीत मंदाने तो घासून घासून धुतला आणि नेहमीसारखा दोन्ही हातांनी पीळ घालत, शेवटचा थेंब गळेपर्यंत पिळला.

विलासने तिच्याकडे पाठ फिरवली.