पूर्णा, अडुसष्ट किलोमीटर

अडुसष्ट. पूर्णाला जाऊन यायला अडुसष्ट किलोमीटर! नीलाने पेन खाली ठेवलं. घराजवळच्या धामणकर नाक्यावरून स्कूटरला टांग मारली की पूर्णा आलंच. अडुसष्टमध्ये माणूस शहापूरला जाऊन येईल. म्हणजे नवरा खोटं बोलत होता. सरळ सरळ, तोंडावर.

संशय मनात घातला तो भावनाने. शाळेत डबा खाता खाता शेजारी बसणारी ही सहशिक्षिका सहज म्हणाली, "रविवारी कसली गं गोदामं उघडी असतात?" तोवर नीलाला काही खटकलं नव्हतं. मग सगळंच खटकू लागलं. नवऱ्याची, मनोजची, गोदामं दोन, एक पूर्णाला, एक वडप्याला. दोन्ही भाड्याने दिलेली, वॉचमन चोख. मग दर रविवारी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून तिकडे खेपा कशाला? नीला जवळ आली की मोबाइल पालथा. जेवताना एकटाच काहीतरी पुटपुटणार. आणि परवा तर शर्टाच्या खिशावर शाईचा डाग! सातवीत शाळा सोडलेला माणूस. सहीपुरतं पेन हातात धरणारा. त्याच्या खिशाला शाई कुठून?

लग्नात मैत्रिणींनी 'सातवी पास नवरा' म्हणून नाकं मुरडली होती. तेव्हा नीलाने ठणकावून सांगितलं होतं, माणूस खरा आहे. तेच आता खोटं ठरत होतं, आणि तिचा जीव जळत होता.

नीला दहावीला गणित शिकवायची. रडत बसणं तिला जमणारं नव्हतं. तिने गुपचूप स्कूटरचं मीटर बघायला सुरुवात केली. पहिल्या रविवारी मनोज म्हणाला, पूर्णाला दोन खेपा झाल्या, वडप्याला एक. मीटर चाळीसने पुढे. दुसऱ्या रविवारी दोन्हीकडे एकेक खेप. मीटर अठ्ठावीसने पुढे. पूर्णाची खेप एक्स, वडप्याची वाय. दोन समीकरणं मांडली, एकातून दुसरं वजा केलं. डोळे भरून आले होते, पण एक्स बाहेर आलाच. अडुसष्ट.

मनोज दारातून आत आला, तशी तिने चप्पलही काढू दिली नाही. कागद त्याच्यापुढे धरला.

"पूर्णा अडुसष्ट किलोमीटर कधीपासून झालं? खरं सांगा. कोण आहे ती?"

आता याला घाम फुटणार, असं तिला वाटलं. मनोज कागदावर वाकला. ओठातल्या ओठात आकडे पुटपुटला. मग त्याने बोट ठेवलं.

"अठ्ठावीसचं चिन्ह बदलाचं र्‍हायलं तुझं. चालीस वजा अठ्ठावीस. बारा येतंय."

नीलाने पाहिलं. बाराच येत होते. अख्ख्या रविवारचे अठ्ठावीस, त्यात अडुसष्टची एक खेप कशी बसेल, हेही तिला रागात दिसलं नव्हतं. याच चुकीसाठी ती वर्षानुवर्षं पोरांचे मार्क कापत आली होती. ती शरमली. आणि मग तिने हळूच मान वर करून नवऱ्याकडे बघितलं.

"तुम्हाला हे कोणी शिकवलं?"

मनोजने जीभ चावली. कानापर्यंत लाल झाला.

"वडप्याला रविवारी शिकवणी घेतात त्या सरांनी," तो म्हणाला. "हसू नको. मार्चला दहावीला बसतोय."