वसुबारसेचं गवत

वसुबारसेच्या दिवशी तरी गाईच्या तोंडी कोंबड्यांची विष्ठा घालायची नाही, असं सोनाक्काने ठरवलं होतं. महिनाभर आंघोळीचं पाणी वळवून तिने न्हाणीमागे टोपलीभर गवत वाढवलं. सकाळी तांबूला नि तिच्या वासराला ओवाळून टोपली गाईच्या पुढ्यात ठेवली.

अकरा वर्षांपूर्वी चारा संपला, तेव्हापासून गावात जन्मणाऱ्या प्रत्येक वासराच्या पोटात नवे जिवाणू सोडले जात. त्यांच्या जोरावर गाई पोल्ट्रीतल्या खताच्या वड्या पचवून दूध देत. तांबूने गवत जन्मात पहिल्यांदाच पाहिलं आणि अधाशासारखं खाल्लं.

दुपारी तिचं पोट नगाऱ्यासारखं फुगलं.

"अक्का, गवत कुणी घातलं?" जनावरांच्या डॉक्टरांनी विचारलं.

"म्याच. सणाचं म्हणून. पाप केलं व्हय?"

"गवत पचवणारे जिवाणूच तिच्या पोटात नाहीत. नव्यांनी जुन्यांना केव्हाच संपवलं."

"मग शेजारच्या गाईच्या पोटातलं थोडं मागून आणते की. विरजण आणतो तसं."

डॉक्टरांनी हात पुसले. "कुणाकडून आणाल, अक्का? सगळ्या तालुक्यात एकाही गाईपाशी ते उरलेलं नाही."

संध्याकाळच्या आत तांबूने मान टाकली. सोनाक्का तिच्याशेजारी बसली. तेवढ्यात मागे मचमच ऐकू आली. तांबूचं वासरू टोपलीच्या तळाशी राहिलेल्या काड्या चघळत होतं. सोनाक्का धावली. तिने त्याचा जबडा फाकवला आणि त्याच्या तोंडातलं गवत बोटं घालून ओढून काढलं.